कौल डावा पडला

९ नोव्हें.
अण्णांच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे. इकोचा रिपोर्ट आधी मी वाचला, मग डॉक्टरांनी तेच तोंडी सांगितलं. ऑपरेशन लागेल. धोका आहे, पण न करण्यात जास्त. या महिन्यात ठरवा.
अण्णांनी शर्टाची बटणं लावली. "देवीला इचारून सांगतो."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्ट पाकिटात घातला.

१० नोव्हें.
आई म्हणते, वाद घालू नको, त्यांना त्रास होईल. घालत नाही. कधीच घातला नाही.
मी देव मानत नाही हे घरात कुणाला माहीत नाही. कुठल्या एका दिवशी ठरलं असं नाही. रागावून सोडला असंही नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये 'हे कशावरून?' विचारायची सवय लागली, ती माझ्याबरोबर घरी आली. एकेक गोष्ट गळत गेली. शेवटी उरली माणसं. त्यांच्याशी कसं वागायचं हे लॅबमध्ये शिकवत नाहीत.
आरतीला उभी राहते. टाळ्या वाजवते.

१५ नोव्हें.
गावी. लासूर स्टेशनच्या पुढे रस्ता उखडलेला. गाडी हळू चालवली, अण्णांना बसल्याबसल्याही धाप लागत होती.
कौल आत्याने लावला. ती अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरी असते, देवीचं सगळं तीच बघते. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा, थांबायचं. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.
डावी पडली.
समई डावीकडे होती. त्या बाजूची पाकळी आधी वाळणार. कंपनीत असं एका बाजूला झुकणारं मोजमापाचं साधन हाती आलं तर मी त्याला लाल स्टिकर लावून वापरातून काढते. इथे प्रसाद घेतला.
अण्णांचा चेहरा सैल झाला होता. ते ऑपरेशनला भ्यालेत, हे तेव्हा कळलं.

१६ नोव्हें.
निघताना आत्याने गोठ्यामागे नेलं.
"परत लावू कौल. म्हणू, निवद चुकला व्हता. या बारीला उजवी पाकळी मी जरा कोरडीच लावते."
मी बघत राहिले.
"अशी काय बघतीस? देवीला कळतं समदं. माझा धाकटा भाऊ हाय त्यो."
म्हटलं, अण्णांना फसवायचं?
"तू तर मानतच नाय. मला म्हाईत नाय व्हय? आरतीला तुझं तोंड हालतं, आवाज येत नाय. मंग तुझं काय जातंय?"
जाऊन गाडी सुरू केली.

१८ नोव्हें.
डबा खाताना नाझनीनला सांगितलं. कंपनीच्या लॅबमध्येच असते, माझ्यासारखीच गेज, म्हणजे मापाची साधनं, तपासते. तिचं म्हणणं: "जान बचतीय ना? तो लगा दे ना फूल. लई शहाणी बनू नको."
तिचं चूक म्हणता येत नाही.
आत्याचा प्रश्न तसाच आहे. माझं काय जातं? कोरडी पाकळी लावली की अण्णा हो म्हणतील. म्हणजे छाती त्यांची उघडणार आणि ठरवणार आम्ही दोघी. वर कुणी नाही असं मी मानते. मग जे काही आहे ते माणसातच आहे, त्याच्या समजुतीत, त्याच्या हो-नाहीत. तेच काढून घेतलं तर मी नेमकं काय मानते?
आणि समजावूनही ते नाही म्हणाले तर…

२० नोव्हें.
आत्याला फोन. सांगितलं, कोरडी पाकळी लावायची नाही. लावलीस तर मी अण्णांना सांगेन.
"तुझ्या खरेपणापायी माझा भाऊ गेला तर?"
"तर ते माझ्यावर."
"तुझ्यावर घिऊन मी काय करू? भाऊ यील व्हय माघारी?"
तिनेच फोन ठेवला. निर्णय बदलत नाही.

२२ नोव्हें.
तपासणीहून येताना क्रांती चौकात गाडी अडकली. तिथेच मी अण्णांशी बोलले. आधी समईचं. मग मी मानत नाही ते.
"म्हंजे देवी नाहीच?"
"मला नाही वाटत, अण्णा."
"दुसरा कुठला?"
"कुठलाच."
अण्णा समोरच्या रिक्षाच्या पाठीकडे बघत राहिले. "मग माझ्यासाठी हात कुणाला जोडतीस?"
"कुणालाच नाही. म्हणून तर रजा काढलीय."
घरी दार उघडताना अण्णांनी माझ्या हातातली पिशवी स्वतः घेतली. ओझं उचलायचं नाही हे विसरून.

२३ नोव्हें.
आईला कळलं. माझ्याशी बोलत नाही, पोळी वाढते.
अण्णांनी स्वतः हाक मारली. झडप म्हणजे काय, विचारत होते. कागदावर काढून दाखवली, समजेना. मग म्हटलं, विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह.
"हां. त्यो अडकला की मोटर नुसती तापती, पाणी चढत नाय."
तसंच.
"मंग असं बोलायचं की डाक्टरनं."
धोका किती, विचारलं. डॉ. म्हणाले होते तेवढाच सांगितला. कमी केला नाही.
मग समईवर आले. "समई तर कायम तिथंच असती. तुझ्या नोकरीच्या टायमाला उजवी कशी पडली?"
"उजवीला पाणी कमी लागलं असेल. किंवा वारा."
"तुझ्याकडं बी उत्तर तयारच असतंय. गुरवावानी." हसले. धाप लागली, थांबले.

२६ नोव्हें.
डॉक्टरांचा फोन. काय ठरलं?
"विचार चाललाय."
"कुणाचा?"
"पेशंटचा."
ते म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, जरा जोर लावा. म्हटलं, सगळं समजावलंय, जोर लावणार नाही. ठीक आहे म्हणाले, पण वेळ फार नाही.
मला माहीत आहे.

२८ नोव्हें.
पूजा आटोपून अण्णा माझ्या खोलीत आले. "तू माझ्या जागी असतीस तर?"
"केलं असतं."
"भ्याली असतीस?"
"खूप."
"मला वाटलं, न मानणाऱ्याला भ्या नसतं."
"असतं. सांगायला कुणी नसतं, एवढंच."
"मला सांगायचं की मग."
थोडं बसले. उठताना म्हणाले, "उद्या गावी ने. या बारीला इचारायचं नाय तिला. काय ठरवलंय ते तोंडावर सांगून येतो."
काय ठरवलंय ते मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही, छाती त्यांची आहे. गाडीत पेट्रोल भरून आणलं, टायरची हवा बघितली. आत्याला फोन करून कळवलं, आम्ही येतोय. ती म्हणाली, "ये."