होडीतली मागची जागा

१४ नोव्हेंबर
निघालो! रस्ता संपला. आता नुसती नदी, जंगल आणि आमची जुनी होडी. निघताना दादा हळूच म्हणाला, "बाबांना झेपतंय का, नीट बघ. नाहीतर होडी विकून मोकळे होऊ."
बाबा नेहमीसारखे मागे. दिशा त्यांच्या वल्ह्यात. मी पुढे. लहानपणापासूनचा नियम – पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, होडी डुचमळते.

१५ नोव्हेंबर
नवलच! "टकळे, नदीला तरी बोलू दे" म्हणून दटावणारे बाबा आज म्हणतात, "गप्प नको बसूस. काय काय दिसतंय, सांग." मी सांगत सुटले – डावीकडे आडवं पडलेलं झाड, पुढे पांढरा फेस, उजवीकडे वाळू. होडी कशी अलगद वळते त्यांच्या हातात! दादाला काही कळत नाही. म्हातारपणी लेकीचा आवाज हवासा वाटतो, एवढंच. मला आपलं भरून आलं.

१६ नोव्हेंबर
दिवसभर बोलले. घसा बसला. बाबा खुशीत.

१७ नोव्हेंबर
आपटलो! वळणावर, काठाशी पाणमांजराचं पिल्लू. एवढंसं, ओंजळीत मावेल असं. पळून जाऊ नये म्हणून मी गप्प, नजर त्याच्यावरच – आणि होडी थेट खडकावर! दोघंही कमरेपर्यंत पाण्यात.
"गप्प का झालीस गं?" बाबा ओरडले. रागाने नाही, घाबरून. बाबा, आणि घाबरून!
काठावर कपडे पिळताना मी म्हटलं, "पण पाहिलंत ना त्याला?"
"पाहिलं की! केवढं थोरलं होतं!"
सदरा तसाच माझ्या हातात राहिला.

१८ नोव्हेंबर
सकाळी विचारलंच. "चार हातांपलीकडे सगळं धुकं आहे गं," म्हणाले. "दादाला सांगू नकोस. होडी जाईल."
माझ्या आवाजावर होडी चालवत होते! आणि मी समजत होते, लाड चाललेत.
मी होडीत मागे जाऊन बसले. बाबा काठावर उभे, लहान मुलासारखे रुसून. "बसा पुढे," म्हटलं. "आणि मागे वळून बघायचं नाही, सांगून ठेवते."
बाबा बसले. दादाला मी सगळं सांगणार. होडी विकायची नाही, हेही.
थोड्या वेळाने बाबांनी मान कलती केली. "डावीकडे पाणी अडतंय. खडक असणार."
होता!
आता मी गप्प. नदीला बोलू दे.