हिरव्या जीपची पायरी

दुबलगुंडी,
सोमवार

प्रिय धनराज,

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही. फोन आले आणि आपलं लिहिणं सुटलं. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही, शिवाय तुझा फोन सध्या तुझ्याजवळ नाही हेही मला ठाऊक आहे. माझं अक्षर तुला लागतं, तेव्हा सावकाश वाच.

आधी घरची खबर. तूर बरी आली. सूनबाई भुवनेश्वरीची मुलगी आता भिंतीला धरून चालते. आजी आणि नात दोघी एकाच वेळी चालायला शिकतायत म्हणून घरात हसतात. सिद्धव्वाही हसते, पण तिला किती दुखतं ते मला माहीत आहे. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते आणि परत येऊन खाटेवर बसली की बराच वेळ डोळे मिटून राहते. चुलीपुढं तिला बसता येत नाही. सुनेच्या भाकरीला ती नावं ठेवत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

त्या हिरव्या जीपवर आपण दोघांनी पोट भरलं. बसवकल्याणहून उमरग्याला सवाऱ्या न्यायच्या, एक खेप तुझी, एक माझी. एकदा वऱ्हाडाची बस बंद पडली म्हणून नवरदेवाला मांडीवर परात घेऊन पुढच्या सीटवर बसवलं होतं, आणि त्याच्या सासऱ्यानं आपल्यालाच आहेर केला होता. पुढं तू राज्याच्या सीमेपल्याड हायवेला शेड टाकलंस, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायला लागलास आणि जीप माझ्याकडं राहिली. सिद्धव्वाचे गुडघे धरायला लागले, तिला चढता येईना, तेव्हा दाराखाली लोखंडी पायरी तूच जोडून दिलीस. हिरवा रंग संपला म्हणून पायरीला लाल दिलास. त्याच दिवशी स्टेअरिंगखाली चोरबटणही बसवलंस. ते दाबल्याशिवाय किल्ली कितीही फिरवली तरी इंजिन चालू व्हायचं नाही. "आता ही जीप तुझ्या-माझ्याबिगर कुणाच्या बापाला हलायची न्हाई," असं तू म्हणाला होतास.

जीप गेली तो बसवकल्याणचा बाजाराचा दिवस होता. नातीच्या बारशाचं कापड घ्यायला आम्ही गेलो होतो. दुकानातून बाहेर आलो तर जीप नाही. सिद्धव्वा मलाच रागावली, म्हणाली कुठं लावली ते विसरायलाव. मी तिला खाली सांडलेलं ऑइल दाखवलं. रोजच्यासारखं ठिबकलेलं होतं, वर जीप तेवढी नव्हती. ठाण्यात तक्रार लिहून घेतली. चोरबटणाचं सांगितल्यावर साहेबांनी विचारलं, ते अजून कुणाला माहीत होतं. मी म्हणालो, कुणाला न्हाई. तुझं नाव घ्यावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, धनराज. तू मला माझ्याहून वेगळा वाटतच नव्हतास.

मग आम्ही बसनं फिरायला लागलो. कलबुर्गीला तिचे गुडघे दाखवायचे होते. स्टँडवर गर्दी होती, बसची पायरी उंच होती, मागून रेटा आला. ती पडली ती उठलीच नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं तेव्हा तू मोसंब्या घेऊन आलास. तिच्या खाटेला खुर्ची लावून बसलास. तिनं पडल्या पडल्या सुनेला तुझ्यासाठी बिनसाखरेचा चहा करायला सांगितलं. आणि तू तिला म्हणालास, "वहिनी, असल्या चोराचे हात चौकात तोडाय पाहिजेत." मी त्या वेळी मान हलवली होती.

खरं सांगतो, हात तोडणं मला कमीच वाटत होतं. आमच्या गल्लीत चन्नवीर म्हणायचा डोकं भादरून गाढवावर बसवा, कुणी म्हणायचं जन्माचं तुरुंगात टाका. मी वरवर ऐकत असे. माझी शिक्षा मी मनात कधीच ठरवली होती. त्याला आमच्या अंगणात आणायचं आणि लोखंडी पहारीनं त्याचा खुबा मोडायचा. नेमका तोच, डावा. मग त्याला सांगायचं, ऊठ, बस पकड. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलो की डोळे मिटल्यावर मला तो दिसायचा. तोंड नसलेला माणूस. माझी मूठ आपोआप वळायची. लिंगावर बोटं आवळली जायची आणि मी दचकून हात उघडायचो. पूजेत असलं कधी झालं नव्हतं.

नागेंद्रला मी तसं बोलून दाखवलं. पोरगं घाबरलं. म्हणालं, अप्पा, मारू नका, पकडू. त्याच्या सासऱ्यांची जुनी जीप पडून होती, ती आम्ही आणली. धुतली, टायरं बदलली. पुढच्या सीटखाली जागा दाखवणारं बारीक यंत्र लपवलं. गाडी कुठं चाललीय ते नागेंद्रच्या फोनवर दिसतं. दर बाजाराला ती जीप त्याच गल्लीत नेऊन उभी करायची, काच थोडी खाली ठेवायची आणि समोरच्या हॉटेलात बसायचं. कित्येक बाजार असे गेले. हे मी तुला सांगितलं नाही. तू फोनवर विचारायचास, काय पत्ता लागला का, आणि मी न्हाई म्हणायचो. तुझ्यावर संशय होता म्हणून नव्हे. तू हसशील म्हणून. म्हातारा गळ टाकून बसलाय म्हणशील असं वाटायचं.

शेवटी एका दुपारी मफलर गुंडाळलेला एक माणूस आला, जीपभोवती फिरला आणि बसला आत. आम्ही त्याला जाऊ दिलं. मला त्याचं घर बघायचं होतं, त्याची बायको-पोरं बघायची होती. त्यांच्यादेखत त्याला धरायचं होतं. नागेंद्रच्या फोनवरचा ठिपका हायवेला लागला, सीमा ओलांडून पुढं गेला आणि थांबला. नागेंद्रनं फोन नुसता माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, तिथं पंक्चरवाला आहे, तिथं थांबला असंल. आम्ही वाट बघितली. ठिपका हलला नाही.

आम्ही तिकडं गेलो. रस्त्यापल्याडच्या चहाच्या टपरीमागं उभा राहून मी तुझं शेड बघितलं. तू स्वतः फाटक उघडून बाहेर आलास, त्या मफलरवाल्याच्या खांद्यावर हात टाकलास आणि त्याच्यासाठी चहा मागवलास. उघड्या फाटकातून आतला ढीग दिसत होता. दारं, बंपर, रेडिएटर. आणि तुझा एक कामगार ज्याच्यावर बसून बोल्ट घासत होता ती लाल पायरी.

तेव्हा मला आठवलं, दोन वर्षं तू माझ्यामागं लागला होतास, असली इंजिनं आता मिळत न्हाईत, मोडायला दे म्हणून. मी हसून टाळायचो. म्हणायचो, सिद्धव्वा चढायची थांबली की ने. तुला तेवढाही दम निघाला नाही.

ठाण्यात मीच गेलो. साहेबांना पहिल्या वेळी जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं, चोरबटण बसवणाऱ्याचं नाव. त्यांनी तुझ्याकडच्या पोलिसांना कळवलं, दोन्हीकडची माणसं मिळून आली, तुला आणि मफलरवाल्याला धरलं. पायरी मी ओळखून दिली. त्या वेळी तू मला बघितलं नाहीस, मी पोलिसांच्या गाडीत मागं बसलो होतो. मफलरवाल्याला मात्र ठाण्यात माझ्यासमोर उभं केलं. इतके दिवस ज्याला मी मनात मोडत होतो तो हाच. हडकुळा, सारखा खोकणारा. त्यानं मला विचारलं, "मालक, ती हिरवी जीप तुमची व्हय?" त्याला खरंच माहीत नव्हतं. बटण कुठं आहे ते तू त्याला सांगितलंस, गाडी कुणाची ते सांगितलं नाहीस. माझा हात उठला होता, तो मी खाली घेतला. दया आली असं समजू नको. त्याच्यावर उधळायला माझ्याकडं राग उरलाच नव्हता, सगळा तुझ्याकडं निघून गेला होता. त्याला कायदा बघून घेईल. तो आमच्या घरी मोसंब्या घेऊन आला नव्हता.

काल सत्यभामावहिनी आल्या. एवढ्या लांबून बसनं, एकट्या. सिद्धव्वाच्या खाटेवर बसल्या, तिचे पाय दाबायला लागल्या. मग मला म्हणाल्या, "अण्णा, कुणीतरी ह्यांचं खोटं नाव घेतलंय. हे म्हणाले, दुसऱ्या कुणाकडं जाऊ नको, बसवंतप्पा जामीन राहील." म्हणजे गाडी कुणाची हे तू त्यांनाही सांगितलेलं नाहीस. मी सिद्धव्वाकडं बघितलं. मला वाटलं ही आता बोलेल. तिनं सुनेला पान वाढायला सांगितलं, वहिनींना पोटभर जेवायला लावलं आणि त्या हात धुवायला उठल्या तेव्हा हळूच म्हणाली, "आपण कामून सांगायचं? त्याच्या तोंडानं सांगू द्या." म्हणून हे लिहितोय. मी जामीन राहणार नाही, धनराज. तुझं नाव कुणी खोटं घेतलेलं नाही, मी खरं घेतलंय. कोर्टात उभं राहून पुन्हा घेईन. वहिनी रात्री इथंच राहिल्या; हे पाकीट चिकटवून मी त्यांच्याच हाती देतोय, कोठडीत डबा आणतील तेव्हा तुला देतील. दुसऱ्याचं पत्र फोडणाऱ्यांतल्या त्या नाहीत. तुझं वाचून होईपर्यंत समोर उभ्या राहतील, आणि मग विचारतील, अण्णा जामिनाला कधी येतायत. कोर्ट काय द्यायचं ते देईल, वकील लावून त्यातलं काही तू कमीही करून घेशील. माझी शिक्षा एवढीच आहे, आणि ती आत्ता, ह्या घडीला आहे. मान वर कर आणि त्यांना उत्तर दे.

तुझाच,
बसवंतप्पा