जावईबापूंच्या फोनात माझी मोटार

१२ जाने., सोमवार
महादेवाला बेल वाहून बँकेत गेले. माझ्या पिठाच्या गिरणीच्या नव्या मोटारीसाठीची ठेव मोडली. जावईबापू सोबत. "मामी, बँकेत पैसा झोपतो, क्रिप्टोत पळतो. पुढं मेथीची जुडीबी यानंच घ्याल." माझा फोन बटणाचा, म्हणून खातं त्यांच्या फोनात. खिडकीवरची पोरगी हळूच म्हणाली, "आजी, काई लिहून घेतलं का?" मी तिलाच झापलं. जावयाला कुणी लिहून मागतं का!

५ फेब्रु.
किराणावाल्या शिवाप्पाला विचारलं, क्रिप्टो चालतं का रे?
"मावशी, फोनवरून घेतो की, पण बँकेतले रुपये. हे कोणत्या चक्कीचं पीठ?"
सगळे हसले. मीबी. जावईबापू म्हणे, आपल्या पालमला ते यायला वेळ हाय. भाव विचारला की सकाळी आख्खी मोटार येईल इतका, संध्याकाळी नुसता पट्टा. मीठ-मिरची असल्या पैशात कशी आणावी?

२६ मार्च
जुनी मोटार जळाली. बाया डबे घेऊन परत गेल्या. जावईबापूंना फोन केला.
"भाव लय पडलाय मामी, थांबा."
"मग मोटारवाल्याला तेच द्या."
"तो घेत न्हाई ना."
बँक काय सोन्याची न्हाई. रांगा, शिक्के, जेवणाची सुट्टी. पण काचेमागं माणूस असतो, भांडता येतं. फोनाशी...

११ एप्रिल
सुमन एकटीच आली, एस.टी.नं. लेक माहेरी आली, तरी तिनं चहा गार होऊ दिला. मग म्हणाली, "आई, ते कॉइन न्हाईत आता. ह्यांनी संक्रांतीलाच विकले. आपल्या दुकानात घातले."
"तुला कधी कळालं?"
"तवाच."
मग मार्चात भाव कशाचा पडला होता?
ती रडायली अन् मीच तिच्या पाठीवरून हात फिरवायले. जावई परक्याचं पोर. पण ही तर माझ्या...

४ मे
बँकेतल्या पोरीची माफी मागितली. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "आजी, पोलिसात सांगा. पण जावयाचं नाव घ्यावं लागंल." ठाण्यापर्यंत गेले. पायरीवर देवळासारख्या चपला काढल्या. परत घातल्या. घरी आले.

१८ मे
अधिक महिना लागला. सुमनचा फोन. "आई, रविवारी आमी धोंडे जेवायला यायलोत. ह्यांनी विचारलंय, मामी रागावल्या का?"
पुरण किती घालू, एवढंच विचारलं.
गहू निवडून, पाखडून ठेवलाय. गिरणीवालीला दुसऱ्याच्या गिरणीवर दळण न्यायची वेळ आली. उद्या सकाळीच निघते. वाटेत ठाणं लागतं.