बुलबुल बँडचा आठवा कोट

१२ जानेवारी २०२५, रविवार

माझ्या मैत्रिणीचं, कोमलचं लग्न ठरलं. सोळा फेब्रुवारी, तिकोणा पेठ. चांगलं झालं. पण तिच्या आजोबांनी अट घातली आहे – डीजे नाही. कामशेतचा बुलबुल बँडच पाहिजे!

मी म्हटलं, "आबा, बुलबुल बँड बंद होऊन वीस वर्षं झाली."

भिमाजी आबा म्हणाले, "मंग? माणसं हायेत का न्हाईत? हिच्या बापाच्या लग्नात त्येंनीच वाजवलंतं. तुजा बा बी व्हता की त्यात. सांग त्याला, आबानं बोलावलंय म्हनावं."

माझा बा म्हणजे अब्बा. कामशेतला नळ-पाइपांचं दुकान आहे त्यांचं. पण त्याआधी लग्नसराईत ते बुलबुल बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवायचे. भोंगा घमेल्याएवढा. बँडवाले त्याला नुसतं 'बेस' म्हणतात.

घरी निरोप दिला. अब्बांचा चहा बशीत सांडला. अम्मी मात्र खूश. "वाजवायचंच! कुसगावला माझ्या मामेबहिणीच्या लग्नात ह्यांचं वाजवणं ऐकलं, म्हणून तर मी स्थळाला हो म्हटलं." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. पाहुणे बदलतात, वाक्य तेच.

१५ जानेवारी

बँडचे मास्तर धोंडिबाकाका – ट्रंपेट – यांना भेटायला गेले. ते पत्ता बंद झालेल्या दुकानांवरून सांगतात. "भाड्याच्या सायकलींपाशी वळ. गोटी सोड्याच्या पुढं व्हिडिओ पार्लर. त्याच्या मागं मी." यातलं एकही दुकान आता अस्तित्वात नाही. सायकलींच्या जागी एटीएम, सोड्याच्या जागी मोबाइलची कव्हरं, पार्लरच्या जागी दातांचा दवाखाना. तीन माणसांना विचारलं. दोघं माझ्याच वयाची, त्यांनी हात वर केले. तिसऱ्या आजोबांनी गोटी सोडा कसा फुटायचा ते आवाजासकट सांगितलं, आणि मग विसरले की मी पत्ता विचारलाय.

काका मिळाले. बँड म्हटल्यावर उठून उभेच राहिले. "आपुन तर कधीचं तयार! कोट बी हायेत पेटीत." मग अब्बांचं विचारलं – "इकबाल काय म्हनला?" मी म्हटलं, चहा सांडला. काका खूप वेळ खोकले. ते हसणं होतं असं आता वाटतंय.

निघताना एक कॅसेट दिली. 'शुभदा रेकॉर्डिंग सेंटर, लोणावळा.' तिथे आता चिक्की मिळते. कॅसेटवर बुलबुल बँडची कुसगावची वरात. अम्मीची ती प्रसिद्ध वरात!

१९ जानेवारी, रविवार

गाडीतले आवाज मोजणं हे माझं काम आहे. कुठला आवाज दाराचा, कुठला सीटखालच्या सैल बोल्टचा, हे ओळखायचा मला पगार मिळतो. म्हणून सहज कॅसेट मशीनवर घेतली. अम्मीला सांगितलं नाही. साफ करून भेट द्यायची होती.

कॅसेटच्या कव्हरवरच्या फोटोत आठ लाल कोट. दोन ढोल, सहा फुंकायची वाद्यं.

आवाज सात.

पुन्हा बघितलं. सातच. खाली, जिथे बेस असायला हवा, तिथे रिकामं. कॅसेटचा दोष नाही, कारण मोठा ढोल त्याच पट्ट्यात नीट येतो. दुसऱ्या कडव्यानंतर एकदाच एक फाटका, भसाडा भोंगा आहे, पण तो गाण्याशी कुठेच जुळत नाही. कुसगाव जुन्या हायवेला लागून आहे. त्यावर 'ट्रक' अशी खूण केली आणि पुसून टाकला.

निष्कर्ष आज लिहीत नाही.

२० जानेवारी

निष्कर्ष : अब्बा वाजवत नव्हते.

२२ जानेवारी

दुकानात गेले. आवाजांचा आलेख मोबाइलवर दाखवला. अब्बांनी चष्मा लावला, काढला, शटर अर्धं ओढलं. गिऱ्हाईक बाहेरून ओरडत होतं, "एल्बो आहे का?" – "नाही!" अब्बांच्या मागे एल्बोचं पोतं.

मग सांगितलं. त्या काळात बँड माणसांवर ठरायचा. आठ म्हणजे आठ कोट दिसले पाहिजेत. बेसवाला भिवंडीला गेला, कोट मागे राहिला. तो कोट गावात फक्त अब्बांना बसला. बस्स! असल्या माणसाला 'भरतीचा' म्हणतात. वाद्य धरायचं, गाल फुगवायचे, चालायचं.

"मग शिकला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी फुंकलं की. धोंडिबाने ऐकलं, आणि भोंग्यात जुना गंजीफ्रॉक कोंबला."

मी हसले नाही. कौतुक करावं तितकं थोडं.

मग अब्बा हळू आवाजात म्हणाले, "नुसरत, गावाला कळलं तरी चालेल. तुझ्या अम्मीला नको. माझ्या वाजवण्यावर हो म्हटलंय तिने. आता या वयात काय सांगू तिला, की ते ट्रंपेट होतं?"

म्हटलं, माझ्याकडून कळणार नाही.

२६ जानेवारी

तालीम. तांदळाच्या रिकाम्या गोदामात. ढोलवाले दोघे ठणठणीत. बाकी –

धोंडिबाकाकांनी पहिलाच सूर असा जोरात लावला की कवळी सुटली आणि ट्रंपेटला आतून लटकली. (कवळी त्याच दवाखान्यातली, जिथे व्हिडिओ पार्लर होतं. काका म्हणाले, "त्या जागेनं मला पयल्यापासून फसवलंय.") क्लॅरोनेटवाल्या प्रदीपकाकांना दोन सुरांत धाप लागली. ते पोत्यावर बसले आणि सूनबाईंना फोन करू लागले. उरलेल्या तिघांनी वाजवलं. नसतं वाजवलं तर बरं झालं असतं.

पण आबांना शब्द दिलेला.

मग मास्तर म्हणाले, "पोरी, ती कॅसेट तुज्या मशिनीवर जोरात वाजंल का?"

वाजेल. ढोल खरे, बाकी स्पीकर. होण्यासारखं आहे.

"पन मंग आपुन हातात धरून काय करायचं? लोकं बगत्यात."

आणि सगळ्यांनी एकदम अब्बांकडे बघितलं.

२ फेब्रुवारी

अब्बा मास्तर झाले! असा कडक माणूस मी कंपनीतही पाहिला नाही.

"गाल आधी, सूर मग! सूर आल्यावर गाल फुगवून काय उपयोग?"

"उंच सुराला भुवया वर. भुवया, प्रदीप! मान नाही."

"मध्येच वाद्य उलटं करून थुंकी झटकायची. थुंकी झटकणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही."

धोंडिबाकाका सगळ्यात कच्चे. अब्बा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "मास्तर, गाल उशिरा येतोय."

"माजा गाल? आरं, तीस वर्षं वाजवलंय मी!"

"वाजवलंय. दाखवलं नाही कधी."

काकांनी मुकाट्याने पुन्हा गाल फुगवले. गंजीफ्रॉकची फेड झाली बहुतेक.

मी रेकॉर्डिंग आणि अब्बांचे गाल मिळवून बघितले. एकदाही चुकले नाहीत. कॅसेटमध्ये जे वाद्य नाहीच, ते हा माणूस सुरासूर वाजवतो आहे.

९ फेब्रुवारी

कोट आता अब्बांना बसत नाही. अम्मीने पाठ उसवून लाल ब्लाउजपीस घातलं. समोरून फौजदार, मागून ब्लाउज. "मागे वळू नका म्हणजे झालं," अम्मी म्हणाली. ती फार आनंदात आहे. अब्बा जेवत नाहीत.

१७ फेब्रुवारी

काल लग्न झालं. क्रमाने लिहिते.

नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवाकडे निघाला. घोड्यावर. पुढे हातगाडी, त्यावर स्पीकर, त्यावर झेंडूच्या माळा. मी हातगाडीजवळ, कॅमेरा धरल्याचं सोंग करत. कॅसेट सुरू, ढोल सुरू, गाल सुरू. उत्तम! दुसरं कडवं पार पडलं. लोक नाचत होते. पिंकी, कोमलची बहीण, मला म्हणाली, "अगं, काय दम आहे या म्हाताऱ्यांना!" प्रदीपकाकांनी थुंकी झटकली.

बॅटरी पूर्ण भरलेली होती. जास्तीची वायर होती. घोडा मात्र मी हिशेबात धरला नव्हता.

घोड्याने झेंडू खाल्ला. झेंडूबरोबर वायर ओढली.

नुसते ढोल. सहा म्हातारे गाल फुगवून उभे, आणि एकेकाची हवा हळूहळू जाते आहे. आबा मागून ओरडले, "आरं, का थांबलासा? वाजवा की!"

अम्मी पहिल्या रांगेत होती. अब्बांनी तिच्याकडे बघितलं. मग भोंग्यात हात घातला, गंजीफ्रॉक बाहेर ओढला – तो लांबच लांब निघाला, जादूगाराच्या रुमालासारखा – आणि फुंकलं.

कसा आवाज होता? खाली, फाटका, भसाडा. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीने ताबडतोब उत्तर दिलं. क्षणभर कुणाला काही कळेना, आणि मग जो काही कल्ला झाला! शिट्ट्या! आबा हात वर करून, "हां, आत्ता कसं! येऊं दे, इकबाल, येऊं दे!" ढोलवाल्यांनी ताल पकडला, अब्बांनी प्रत्येक ठोक्याला तोच एक सूर, म्हशीने जमेल तसा. मांडवापर्यंत. शेवटी तर अब्बा मागे वळून चालत होते. सगळ्या गावाने ब्लाउजपीस बघितलं.

वायर मी केव्हाच जोडली होती. बटण दाबलं नाही. कारण विचारलं तर देता येणार नाही.

परतीची रिक्षा. अब्बा बाहेर बघत. अम्मी बांगड्या फिरवत.

१८ फेब्रुवारी

अम्मी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "कुसगावच्या वरातीत दुसऱ्या कडव्यानंतर एक भसाडा आवाज होता. परवा तुझ्या स्पीकरमध्ये नव्हता."

"ट्रकचा भोंगा होता तो. मी पुसला."

"ट्रकचा!" अम्मी हसत हसत पलंगावर बसली. डोळे पुसले. "अगं, माझ्याकडे बघता बघता खरंच फुंकलं ह्यांनी. मास्तरांनी तिथेच लाथ घातली. तेवढंच तर ऐकलं मी, नुसरत."

मूळ रेकॉर्डिंग उघडलं. आवाज जागेवर परत ठेवला. 'ट्रक' खोडून 'अब्बा' लिहिलं.