उतरणीचा रस्ता

पोतोसी, दवाखान्याचा व्हरांडा

प्रिय आई,

मुद्दाम मोठं अक्षर काढतेय, म्हणजे वाचून घ्यायला तुला कुणाच्या विनवण्या नकोत. पत्र पाववाल्या सेवेरोबरोबर पाठवते. रस्ता बंद झाल्यापासून तो सायकलवरून पाव नेतो आणि सायकलला तुमची माणसं अडवत नाहीत. फोन तर तुम्ही सगळ्यांनी बंदच ठेवलेत. मागण्यांसाठी रस्त्यावर दगड टाकायच्या आधी आपल्या गावात फोन बंद करतात, म्हणजे शहरातल्या साहेबांना गोडगोड बोलून फूट पाडता येत नाही. लहानपणी मला याची केवढी फुशारकी वाटायची! आज मात्र त्या बंद फोनच्या नावानं बोटं मोडत बसलेय.

मिल्टनला आता आडवं होता येत नाही. बसूनच श्वास घेतो, आणि तोही विहिरीतून बादली ओढावी तसा. खोकला आला की तोंडाला गुलाबी फेस येतो. डॉक्टरीणबाईंनी काल मला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं, इथल्या उंचीमुळे त्याच्या छातीत पाणी भरतंय, याला औषध एकच, खाली न्या. खाली सूक्रेपर्यंत पोचला तर वाचेल, इथेच राहिला तर नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर सूक्रेहूनच येतात आणि ते घेऊन येणारा ट्रकही तुमच्या दगडांपलीकडे उभा आहे. दुसरा रस्ता खाणकामगार अडवून बसलेत. विमान या आठवड्यात नाही. सगळीकडून दारं बंद आहेत, आई. मी वेडी व्हायची बाकी आहे.

तुला मी एवढंच कळवलं होतं की सुट्टीत मित्रमैत्रिणींना घेऊन पाठीवर पिशव्या टाकून डोंगरातली शहरं हिंडणार आणि शेवटी घरी येणार. आम्ही तिघंच. मी, माझ्या खोलीतली रोसियो आणि मिल्टन. दोघंही सखल भागातले, उसाच्या गावचे, ज्यांनी गारठा म्हणून फक्त फ्रिजमधला पाहिलेला. ओरूरोच्या बाजारात सकाळी मक्याची गरम आपी प्यायलो, तेव्हा मिल्टन तीन पेले रिचवून म्हणाला, “बेनिता, तुमच्या लोकांना मका प्यायला लागतो, कारण हवा पुरत नाही.” मी म्हटलं, “आणि तुमच्या लोकांना चार पायऱ्या चढल्या की आई आठवते.” आमचं असंच चालतं. वरचे खालच्यांना चिडवतात, खालचे वरच्यांना, सगळा देश तेच करतो. एल आल्तोत त्याला पहिल्यांदा धाप लागली. रोसियो म्हणाली, आपण दोन दिवस थांबू. तर हा उठून फुटपाथवरच नाचायला लागला. म्हणाला, “उसाच्या मोळ्या उचलणारा गडी आहे मी! डोंगरवाल्यांसमोर खाली बसलो तर माझे आजोबा थडग्यातून उठून कानफटात देतील.” भोवतीच्या भाजीवाल्या मावश्या पोट धरधरून हसल्या. एकीनं त्याला धाप कमी व्हावी म्हणून चघळायला कोकाची पानं दिली आणि वर सुनावलंही, “लेकरा, डोंगराला फुशारकी ऐकू येत नाही.” तो ऐकतोय कसला! पोतोसीच्या बसमध्ये रात्रभर रुमालात तोंड खुपसून खोकत राहिला. आम्हाला वाटलं, थंडी बाधली.

आता परवाचं सांगते. बाबांनी तुला सांगितलं नसेल याची मला खात्री आहे. तू तेव्हा वर, बायकांबरोबर सगळ्या जमावाचा स्वयंपाक करत होतीस. आमची रुग्णवाहिका पहिल्या दगडांपाशी आली. मी खाली उतरून धावत गेले. बाबा समोरच उभे होते, खांद्यावर तो कारभारीपणाचा चाबूक तिरका घातलेला. दोन वर्षांनी पाहिलं मी त्यांना, किती वाळलेत! ते ड्रायव्हरला म्हणाले, “मागच्या खेपेलाही पेशंटच होता. पेशंटच्या गादीखाली बिअरच्या पेट्या निघाल्या. आख्ख्या गावानं कोकाची पानं हातात घेऊन शपथ घेतलीय, आता कुणाला सोडायचं नाही.” मग त्यांनी मला ओळखलं. आई, त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मला बाजूला नेलं आणि हळूच म्हणाले, “परकी असतीस तर सोडली असती गं पोरी. स्वतःच्या लेकीला सोडलं तर उद्या या माणसांना कुठल्या तोंडानं म्हणू, उपाशी बसा?” मी त्यांच्या पाया पडले. ते दुसरीकडे बघत राहिले. मागचे तरुण ओरडत होते, “कारभारी, गाडी वळवा!” आणि गाडी वळली. मिल्टननं काचेतून सगळं पाहिलं. परतताना धापा टाकत म्हणाला, “तुझे बाबा सच्चे आहेत.” मला त्या क्षणी दोघांचाही राग आला.

रागानं माणूस खाली उतरत नाही, म्हणून आता तुला लिहितेय. आपल्याकडे कारभार एकट्या पुरुषाला देत नाहीत, जोडप्याला देतात. चाबूक तुझ्याही खांद्यावर आहे. बाबांइतकाच तुझा शब्द चालतो, दगड हलवायला दोघांपैकी एकाचा पुरतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या कारभाराचं वर्ष संपत आलं तरी तू तो शब्द एकदाही उच्चारला नाहीस. सभेत बाबा बोलतात आणि तू पानं वाटतेस. मी दोष देत नाही. पण आज गप्प बसू नकोस, तुझ्या पाया पडते. बायकांना घेऊन खाली ये. गादी उचला, बाकडी उचला, त्याचे बूटसुद्धा काढून बघा. लेकीसाठी रस्ता उघडला असं कुणी म्हणू नये, म्हणून मी गाडीतून उतरेन आणि रस्ता मोकळा होईपर्यंत तुमच्याबरोबर दगडांवर बसेन. त्याच्याबरोबर रोसियो जाईल. तो नुसता मित्र नाही, हे तू केव्हाच ओळखलं असशील. पाठपिशवीत तुमच्यासाठी कोका आणि दारूची बाटली घेऊन तो रीतसर मागणी घालायला येत होता. खाली पोचेपर्यंत तो तग धरेल की नाही ठाऊक नाही, आणि तेव्हा त्याचा हात माझ्या हातात नसेल. चालेल मला, फक्त त्याला जाऊ द्या. शेवटचा सिलिंडर जोडला की आम्ही निघतोय, तुझ्या उत्तराची वाट बघायला वेळ नाही. बाबा काय म्हणतील ते मला माहीत आहे. तू काय म्हणशील, ते मला आजवर कधीच कळलेलं नाही, आई. आज कळेल.

तुझीच,
बेनिता