गाभा क्षेत्राची हद्द

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे. लाँचमधून उतरताना बाबांनी लाँचवाल्याला विचारलं, की हे बेट एका जागी राहतं ना, की भरतीबरोबर फिरायला जातं. तो हसला नाही. बाबांना फार वाईट वाटलं. चाळीस वर्षं भूगोल शिकवताना त्यांचे याहून पडेल विनोद खपले होते.

खाली ऑफिस, वर आमच्या दोन खोल्या. ऑफिसात एक लांब टेबल, खालचा कप्पा अडकलेलं लोखंडी कपाट आणि भिंतभर नकाशा. वरच्या खिडकीतून पूर्वेचा समुद्र दिसतो. गावात सत्तावीस घरं, एकशे बारा माणसं, एक दुकान. माझं काम तीन महिन्यांचं: बेटाभोवतालचं पाणी संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर झालंय, त्याच्या व्यवस्थापनाचा आराखडा करायचा. मासे कुठे धरायचे, कुठे नाही, लक्ष कुणी ठेवायचं. अकरा वर्षं हेच करते आहे, त्यामुळे धाकधूक अशी नाही.

बाबांना आणायला दादाचा विरोध होता. त्यांचा दमा. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत शहरातल्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. ते एकदा चुकलं तेव्हा आठ दिवस ऑक्सिजनवर होते. या महिन्याचं घेऊनच निघालो; पुढचं चुकणार नाही असा दादाला शब्द दिलाय. लाँच रोज सुटते, पलीकडे जायला पाऊण तास. दादा म्हणजे उगीच काळजीचं पोतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गावाची बैठक. टेबलावर नकाशा पसरला, प्रत्येकाला दहा लाल खडे दिले आणि जिथे जाळं टाकता तिथे ठेवा म्हटलं. पश्चिमेला खड्यांवर खडे पडले, दोघा भावांची जुंपली. पूर्वेला मात्र तळहाताएवढा चौकोन कोरा राहिला. एकही खडा नाही.

अशी जागा म्हणजे आमच्या धंद्यात लॉटरी. तिथेच गाभा क्षेत्र करायचं, म्हणजे पूर्ण बंदी. कुणाच्या पोटावर पाय येत नाही. कुणाची हरकत आहे का असं तीनदा विचारलं. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसले. जाळी विणणाऱ्या मावशी तेवढ्या उठल्या, स्वतःचे दहाही खडे ओंजळीत घेऊन बाहेर गेल्या. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘हरकत नाही’. शहरातल्या ऑफिसातून साहेबांनी फोनवर पाठ थोपटली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गाभा क्षेत्राच्या चार कोपऱ्यांवर चार पिवळी तरंगती पिंपं लागली. प्रत्येकाखाली साखळीला दोन टनांचा काँक्रीटचा ठोकळा. लाँचवाल्याने इंजिनाची कुरकुर सांगून अंग काढून घेतलं, म्हणून शहरातून बोट मागवली.

धक्क्यावर नियमांचा बोर्डही लावला. तिसरा नियम साहेबांच्या मसुद्यात तीन ओळींचा होता: मासे, शिंपले, खेकडे, प्रवाळ इत्यादी. उद्या कुणी इत्यादीवरून वाद घालायचं. मी तो सुटसुटीत केला: ‘या हद्दीतून कोणताही जीव बाहेर नेऊ नये.’ खाली माझी सही. बाबांनी बोर्ड वाचून दहापैकी नऊ गुण दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जीपीएसवर पिंपं तपासली. समुद्राकडची दोन जागच्या जागी. बेटाकडची दोन नव्वद मीटर आत सरकलेली. दोन्ही बरोब्बर नव्वद.

गावाचाच उद्योग, दुसरं काय. समोर हरकत घ्यायची नाही आणि मागून खोडी काढायची. धक्क्यावर जाऊन चांगली खरडपट्टी काढली.  शेवटी लाँचवाला म्हणाला, की आम्ही तिकडे बघतसुद्धा नाही, हात कुठून लावणार. 

२२ फेब्रुवारी, शनिवार

आणखी चारशे मीटर. चौकोन लांबतोय, बेटाकडे.

मोजणीसाठी पाण्यात उतरले. पन्नास मीटरची दोरी, तिच्या दोन्ही बाजूंचे मासे मोजायचे. हद्दीबाहेर नेहमीची पळापळ. हद्दीत आत गेले तर सगळे जागच्या जागी उभे. लहान, मोठे, एकमेकांना खाणारेसुद्धा शेजारीशेजारी. सगळ्यांची तोंडं बेटाकडे. मधून गेले तरी हलले नाहीत. तीनशे चाळीस मोजले. ‘वर्तन’ या रकान्यात काय लिहायचं? ‘थांबलेले’ लिहिलं.

वर आल्यापासून एका जागी बसवत नाही. बाबा म्हणाले, फेऱ्या मारून तू जमीन झिजवशील.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मावशी आल्या. खुर्ची दिली तरी दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्या पाण्याला आम्ही कधी नाव दिलं नाही, मोजलं नाही, त्याच्याकडे बोट केलं नाही. आपण कुठे संपतो हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून ते पडून होतं. तुम्ही त्याला चार कोपरे दिले. वर काय करायचं तेही लिहून दिलं. दूध उतू गेल्याचं सांगावं तसं सांगितलं त्यांनी, न रागावता.

मी विचारलं, बैठकीत का नाही बोललात. त्या म्हणाल्या, बोलायचं तर जागा दाखवावी लागली असती.

मी शिकलेली बाई आहे. प्रवाह बदलतात, साखळ्या घसरतात. तरीही बाबांना परवाच्या लाँचने इंजेक्शनला नेऊन तिकडेच ठेवावं असं मनात आलं. बाबा म्हणतात, अजून वेळ आहे, महिन्याच्या सुरुवातीला जाऊ. मी ऐकलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी खिडकीतून बेटाकडची दोन पिंपं दिसली नाहीत. शोधली. एक उत्तरेच्या टोकापलीकडे, एक दक्षिणेच्या, दोन्ही पार पश्चिमेला. चारींच्या मध्ये बेट. म्हणजे आता आम्ही आत आहोत.

दहाची लाँच सुटली: लाँचवाला, दुकानदार, त्याची बायको, सून. मी धक्क्यावरून बघत होते. पिंपांची रेषा ओलांडेपर्यंत चौघं दिसत होती. मग माझ्या मागे, धक्क्याच्या पायऱ्यांवर कुणीतरी खोकलं. लाँचवाला, दुकानदाराची बायको आणि सून. नखशिखांत ओली. पाण्यात कधी पडलो, कुणालाच सांगता येईना.

लाँच तशीच पुढे गेली. तासाभराने साहेबांचा फोन आला, की ती पलीकडे वाळूत येऊन लागली. सामान कोरडं आहे. बाकावर दुकानदार बसलेला आहे. छाती थांबली असावी, डॉक्टर म्हणाले. रेषा ओलांडायच्या आधीच.

तो तेवढा पलीकडे पोचला. जीव नेऊ नये, असंच लिहिलंय मी.

३ मार्च, सोमवार

साहेबांना म्हटलं, तिसरा नियम रद्द करा. ते म्हणाले, बदलासाठी तीस दिवस हरकती मागवाव्या लागतात, पद्धत आहे. मीच ती पद्धत लोकांना अकरा वर्षं शिकवत आले.

बोर्डावरची ओळ काळ्या रंगाने पुसली. दुपारी रंग ओघळून खाली गेला होता. ओळ स्वच्छ.

डॉक्टर आत यायला तयार नाहीत. आत येणारा बाहेर कसा जाणार? बाबांची छाती वाजायला लागलीय. दहा तारखेला सात दिवस. दादा फोनवर ओरडला नाही, रडला. मला ओरडलेला चालला असता.

५ मार्च, बुधवार

सुचलं. नियमाला अपवाद असतो. कपाटात छापील अर्ज आहेत, ‘संशोधनासाठी नमुना नेण्याची परवानगी’. देणारी अधिकारी मीच.

भरला. नग: एक. वर्णन: पुरुष, वय एकाहत्तर. कारण: तपासणी. सही, शिक्का. बाबा म्हणाले, सरकारदरबारी कुणीतरी एकदाचं मला नग म्हटलं. हसताना त्यांना धाप लागली, दहा मिनिटं थांबली नाही. 

६ मार्च, गुरुवार

सकाळी दहा. लाँचवाल्याने होडीने रेषेपर्यंत नेलं. पलीकडे दादा बोट घेऊन उभा. मधे चार हात पाणी, खाली मासे, तोंडं वर. बाबांच्या खिशात अर्ज. दादाने हात धरला, ते पलीकडे गेले. गेले. कोरडे, जिवंत, मागे वळून हात हलवत.

जीव भांड्यात पडला. परतताना मी आणि लाँचवाला दोघंही रडलो.

चार वाजता दादाचा फोन. इंजेक्शन झालं, झोपलेत. उद्यापासून आख्ख्या गावाचे अर्ज भरायचे. एकशे अकरा. कोरे फॉर्म साहेब रेषेपर्यंत होडीने पाठवताहेत.

७ मार्च, शुक्रवार

गावाचे अर्ज भरताना बाबांच्या अर्जाची कार्बन प्रत वाचली. नीट, खालपर्यंत. आधी का नाही —

छापील शेवटची ओळ. ‘मोजमाप झाल्यावर नमुना अठ्ठेचाळीस तासांत जिवंत स्थितीत मूळ जागी परत सोडावा.’

ती माशांसाठी आहे. खोडायची असते. छापलेलं मी कधी खोडत नाही, रकाने भरते आणि सही करते. सवय.

दादाला फोन. बाबांना किनाऱ्यापासून लांब ने, आजच, गाडीने, थांबू नकोस. का, ते त्याने विचारलं नाही. फक्त म्हणाला, की सकाळपासून त्यांची गादी ओली होतेय. बदलली तरी.

८ मार्च, शनिवार

नऊ. दादा शंभर किलोमीटर आत. बाबा मागच्या सीटवर, दादा त्यांच्याशी बोलतोय, मला ऐकू येतंय.

नऊ पंचावन्न. फोन चालूच ठेवलाय —

दहा. दादा गाडी थांबवून नुसता बाबा, बाबा करतोय. पट्टा लावलेला आहे म्हणाला. सीटवर पाणी.

धक्क्याकडून खोकला. ओळखते मी तो खोकला.

मी गेले नाही. 

ते आलेत. ऑफिसच्या दारात. जिवंत आहेत, धाप नाही, गाल वर आलेत. हसताहेत. म्हणाले, खूप नीट मोजलं त्यांनी. म्हणाले, तुला आत मोजलेलं नाही, तू मोजणारी म्हणून राहून गेलीस.

हातात अर्ज आहे. ओला, पण शाई पसरलेली नाही. अक्षर बाबांचं, फळ्यावरचं, वळणदार. नग: एक. वर्णन: स्त्री, वय अडतीस. कारण: मोजणी.

खालची ओळ, परत सोडण्याची — ती पट्टी लावून सरळ खोडली आहे.

सहीची जागा मोकळी आहे. ते माझ्या हातातलं पेन —