पाचवं मत

मामंजी,

अकरा वाजता तुमच्या तसबिरीचं अनावरण आहे आणि मी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दार लोटून बसले आहे. बाहेर खुर्च्या मांडल्या जाताहेत. शिपाई दोनदा डोकावून गेला, "सरपंचबाई, हार आखूड पडतोय." सरपंचबाई म्हणजे मीच, तुमची सून. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुमच्यावरचं भाषण लिहून आणलंय. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत मजुरी करणारा तरुण, तीन वेळा सरपंच, एकदा पंचायत समितीचा सभापती, गावात एसटी आणणारा, वहाळाच्या पाण्यावर पायी जायला साकव बांधून घेणारा. सगळं खरं आहे, एक शब्द खोटा नाही. पण तुम्ही चौथ्यांदा सरपंच होणार होतात आणि एका मताने पडलात, ते त्यात नाही. त्या मताबद्दल आज बोलायचंय, आधी तुमच्याशी आणि मग गावाशी.

आपल्या वाडीची जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "सूनबाई, उद्या अर्ज भरायला यायचंय." विचारलं नाहीत, सांगितलंत. तुमचे चिरंजीव मुंबईला नोकरीत, त्यांना फोनवर कळवून टाकलंत. मी निवडून आले त्या संध्याकाळी तुम्ही चिपळूणहून माझ्यासाठी छोटं मनगटी घड्याळ आणलंत. "सभेला वेळेवर पोचायचं," एवढंच म्हणालात. किती हरखले होते मी! आठवडाभर ते घालून भाकऱ्या थापल्या. मग एका दुपारी चिरेखाणवाले पडवीत येऊन बसले. सड्यावर, वाडीवरच्या कातळपठारावर, चिऱ्यांची खाण काढायची, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा. मी चहा घेऊन आले आणि न राहवून बोलले, की तिथे खाण झाली तर खाली बौद्धवाडीतला झरा आटेल, चैत्रात आपल्या बायकाही तिथूनच पाणी आणतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. "चहा ठेव आणि आत जा. तुझं काम सभेत हात वर करायचं." ते सगळे हसले. तुम्हीही हसलात.

तेव्हा सरपंच सदस्यच निवडायचे. नऊ सदस्यांत तुमची पाच मतं पक्की होती. तुमचं, माझं, वरच्या वाडीतल्या दोघांची आणि काकांचं. काका म्हणजे तुमचे अलोऱ्यापासूनचे जोडीदार, तिन्ही वेळा तुमचं नाव सुचवणारे. सरपंचाच्या निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आम्हा सगळ्यांना ग्रामदेवतेच्या देवळात नेलंत. वरच्या वाडीतल्या त्या दोघांना नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीत. काकांनीही हात पुढे केला, तर तुम्ही हसत तो धरलात. "तुला रे कसली शपथ? एका डब्यात जेवलोय आपण." आणि माझ्याकडे मान न वळवताच म्हणालात, "ही तर घरचीच."

दुसऱ्या दिवशी समोरच्या गटाने गुप्त मतदान मागितलं. तहसीलमधून आलेल्या साहेबांनी चिठ्ठ्या वाटल्या. मी समोरच्या गटाच्या उमेदवाराच्या नावापुढे खूण केली, घडी घातली, डब्यात टाकली. तुम्हाला चार, त्याला पाच.

त्या रात्रीचं जेवण मी विसरलेले नाही. तुम्ही पाटावर बसलात, भाताला हात लावला नाहीत आणि बोटांवर मोजू लागलात. "त्या दोघांनी नारळावर हात ठेवलाय, ते फुटायचे नाहीत. देवीशी वाकडं घेईल कोण? मी माझं दिलं. मग उरला कोण?" मी समोर आमटीची पळी घेऊन उभी आहे. माझ्यासाठी तुम्ही बोटच धरत नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. भीती वाटली, घराबाहेर काढाल, पोरं लहान. पण त्याहून जास्त संताप आला, मामंजी. फितूर शोधतानासुद्धा तुम्हाला माझी आठवण झाली नाही. मी मुकाट्याने आमटी वाढली. आणि ज्याला मी मत दिलं, त्या नव्या सरपंचाने शिमग्याच्या आत खाणीला दाखला देऊन टाकला. झरा आता माघातच आटतो. बौद्धवाडीला टँकर येतो, तोही मीच मागवते.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पडवीच्या पायरीशी उभे राहिले, वर चढले नाहीत. "माजी शपत आता तरी घे रे," म्हणाले. तुम्ही पेपर वाचत राहिलात. पान उलटलंत. मी माजघरातून ऐकत होते. त्यानंतर गावाने तुमचाच कित्ता गिरवला. शिमग्यात देवीची पालखी त्यांच्या अंगणात नाचायची, ती दारावरून पुढे जाऊ लागली. त्यांच्या मुलाच्या लग्नाला आपल्या वाडीतून कोणी गेलं नाही. तुम्हाला स्मशानात नेलं तेव्हा ते लांब शेताच्या बांधावर एकटेच उभे होते. "या," असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

काल मी त्यांच्याकडे गेले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी आपला समजत व्हतो, त्या दोगांतला कोनतरी देवीला भ्यायला नाय." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "माज्या पोरानं इचारलान मला, बाबा, खरा सांगा, तुमीच केलात ना? माज्या सोताच्या पोरानं, पोरी." मी पायाशी वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "माफी नको मला. उद्या बोल. माइकवर बोल. नातवंडा घेऊन येतो मी, फुडं बसतो."

घरी येऊन तुमच्या चिरंजिवांना सांगितलं. ते समारंभासाठी रजा काढून आलेत. "बाबांच्या तसबिरीखाली उभी राहून बाबांनाच खोटं पाडणार?" एवढंच म्हणाले आणि अजून बोललेले नाहीत. विरोधकांच्या तर हाती आयतंच कोलीत मिळेल. सासऱ्याला पाडलंन, गावाचं काय भलं करणार, हे आजच सुरू होईल. सरपंचपद राहील न राहील. घरात काय होईल ते मला खरोखरच कळत नाही.

खिडकीतून दिसताहेत काका. इस्त्रीचा पांढरा सदरा, दोन्ही बाजूंना नातवंडं. पहिल्या रांगेतल्या बाकीच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, मुद्दाम कोणी बसत नाहीये. रत्नागिरीहून पाहुण्यांची गाडी आली. शिपाई हाक मारतोय. भाषणाचा कागद मी टेबलावरच ठेवून चालले आहे. तुम्हाला लिहिलेला हा दुसरा कागद फाडून टाकीन, तुमच्या पत्त्यावर पोचणारं टपाल नाही.

पण जाण्याआधी एक कबूल करते. काल त्यांच्या अंगणात शिरताना मला वाटत होतं, म्हातारा माणूस आहे, म्हणेल, राहू दे पोरी, झालं गेलं. तेवढं ऐकायलाच मी गेले होते. त्यांनी "बोल" म्हटलं, तेव्हा मला त्यांचा राग आला.